नानाकाकांची थरथरती रेघ

नानाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला, माझ्या घरी, त्यांनीच लिहिलेली पत्रिका छापत होतो. “काका, आबा गेले…” त्यांची नात मुक्ता एवढंच म्हणाली. प्रिंटरमधून अर्धा कागद बाहेर आला होता. याला आता महिना होईल.

अकोल्यात पन्नास वर्षं नानाकाकांनी लोकांच्या जन्मपत्रिका हातानं लिहिल्या. सकाळी अंघोळ, धूतवस्त्र, मग बोरू आणि दौत. पुढं कंपवातानं हात थरथरू लागला आणि यजमान दुकानातून छापील पत्रिका आणू लागले. काकांनी दौत माळ्यावर ठेवून दिली. मग बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुक्ताला मुलगी झाली, आणि ती दौत खाली आली. “पणतीची पत्रिका मीच लिहीन,” त्यांनी जाहीर केलं. पहिल्याच रेघेला शाईचा ओघळ आला.

म्हणून मी अकोल्याला मुक्कामाला गेलो आणि मुक्ताच्या कॉम्प्युटरला पेन-टॅब्लेट जोडून दिला. इकडे काळ्या पाटीवर लिहायचं, तिकडे पडद्यावर उमटायचं. काकांनी पेन उचललं आणि सरळ दौतीत बुडवलं. मी ओरडलोच.

“सवय हाय रे बावा! कोरडा बोरू लिहिते का कधी?” त्यांनी पेन धोतराला पुसलं. नशीब, चाललं.

थरथरणारी रेघ सरळ करून दाखवायची एक सोय त्यात असते. ती मी गुपचूप चालू केली. चौकोन, तिरप्या रेघा, बारा घरं, सगळं पट्टीनं आखल्यासारखं पडद्यावर येऊ लागलं. काका हरखून मला पडद्याकडे बघायला सांगू लागले. “पाय, पाय! हात सुधरून राहिला माया!” मी “हो काका” म्हणालो. वाईट वाटलं, पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की खरं सांगायची हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी त्याच आनंदात कागद आणि बोरू मागवला. कागदावर रेघ पूर्वीसारखीच वेडीवाकडी आली. त्यांनी कागदाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग हे कोनं काढलं?”

मी सांगून टाकलं. त्यांनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला.

“बंद कर ते.”

“वाकडं येईल, काका.”

“येऊ दे. लेकराले माया हात द्याचा हाय, तुया मशीनचा नाई.”

पुढं आठ दिवस रोज अंघोळ करून ते बसायचे. काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. कागद वाया जात नाही, एवढं एक कौतुक त्यांनी त्या यंत्राचं केलं. पत्रिका पुरी झाली त्या दिवशी “छापून आण,” एवढंच म्हणाले. त्यानंतर दोनच दिवसांनी तो फोन आला.

लांबलेलं बारसं परवा झालं. मुक्ताच्या सासूबाईंनी पत्रिका उलगडून विचारलं, “इतकी हललेली काहून वं?” मुक्ता म्हणाली, “आबाचा हात हाय तो, आई.” त्यांनी पत्रिका कपाळाला लावली आणि पाळण्यात उशाशी ठेवली.

पाटी मी घरी घेऊन आलो. काल ती पुसायला घेतली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, तेव्हा पेनाच्या टोकानं पडलेले ओरखडे दिसले. चौकोनावर चौकोन, पहिल्या दिवसापासूनचे. मी बोट फिरवून पाहिलं. पडद्यावर मी त्यांना सरळ करून दाखवलेली एकही रेघ तिथं सरळ नाही.