मामांचा पाचवा पट्टा

समोर येईल त्या माणसाला खुर्चीला बांधून बघणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा! लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर तांबडा रस्सा समोर यायच्या आत खांद्यांवरून दोन, कमरेवरून दोन आणि मांड्यांमधून एक असे पाच पट्टे माझ्या पोटाशी एका चकतीत खटाखट अडकले होते. "पावणं, हाला बघू!" मामा म्हणाले. मला हलता येईना. मामा खूश होऊन मला तसाच सोडून आत गेले. तो पाहुणचार होता की शिक्षा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

उद्यमनगरात त्यांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. एकुलती एक मुलगी शर्यतीत जीप चालवायला लागली आणि मामांनी कव्हरं कारागिरांवर सोपवून तिला सीटला बांधायचे पट्टे शिवायला घेतले. लग्नसमारंभात मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाच्या खांद्यांचं माप घेताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. शिवलेल्या पट्ट्यात वाळूचं पोतं बांधून ते माळ्यावरून खाली सोडायचे आणि पट्टा किती ताणला ते मोजायचे. एकदा तो जराही ताणला नाही म्हणून मी अभिनंदन केलं, तर मामा माझ्यावरच उखडले. "वाईट झालं की वो! आता सगळा हिसका पोरीच्या बरगड्यांवर!" पुढचा पट्टा भरपूर ताणला. तोही वाईटच; मग पोरीचं डोकं पुढं आदळणार. कमरेचा पट्टा मऊ पोटावर नको, हाडावर हवा, आणि तो वर सरकू नये म्हणून मांड्यांमधला पाचवा. घट्टही हवा आणि ताणला गेलाही पाहिजे, हे एका वाक्यात कसं बसतं, ते मराठी शिकवणाऱ्या मला काही कळेना. मी मान डोलवायचो.

गेल्या हिवाळ्यात कोडोलीजवळच्या माळावर शर्यत होती. मुद्दाम केलेल्या चिखलात शेवटच्या वळणावर मामांच्या मुलीची जीप दोनदा उलटली आणि चाकं वर करून थांबली. सगळे धावले. मामा मात्र जागचे हलेनात. "पाचवा लावलाय न्हवं मी?" त्यांनी माझा दंड धरून विचारलं. "तुमी बघितलंसा न्हवं?" मी काहीच बघितलं नव्हतं. हो म्हणालो.

तेवढ्यात तिनं पोटावरची चकती फिरवून पट्टे सोडवले, धपकन खाली पडली आणि रांगत बाहेर आली. "आप्पा, काय न्हाय झालं! खांदा तेवढा दुखतोय."

मामांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग जीपमध्ये वाकून कात्रीनं पाचही पट्टे कापले.

"मामा, चांगले होते की!" मी म्हणालो. "यांनीच तर वाचवलं तिला."

"म्हणूनच. धागं आतनं ताणल्यात, दिसत न्हाईत. पुन्यांदा त्यांच्यावर भरोसा न्हाय." त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

दोन दिवसांनी गेलो, तर ती सुजलेला खांदा घेऊन दुकानात बसलेली. "आप्पा, नव्या पट्ट्याचं माप घ्या की."

"सूज उतरू दे."

"आठवडा जाईल."

"जाऊ दे की."

मामा तिच्या शेजारी बसून मापाची फीत गुंडाळत होते, पुन्हा उलगडत होते. शर्यत सोड, असं त्यांना म्हणायचं होतं की नव्हतं, मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळत नसावं.