नवाबचा नायटा

हसायचं तर हसा, पण आधी ऐकून घ्या. अशी फजिती माझी उभ्या जन्मात झाली नव्हती!

ऐन उन्हाळ्यात माझ्या मानेला खाज सुटली. आरशात बघतो तर लालभडक गोल चकती, बांगडीएवढी! कुणीही शहाणा माणूस डॉक्टरकडे गेला असता की नाही? मी मोबाईल उघडला. जनावरांकडून माणसाला काय काय होतं, ते वाचतच सुटलो. पोपटाकडून ताप! शेळीच्या कच्च्या दुधातून भलताच ताप! लई मजा वाटली. आणि मग सापडलं: मांजराकडून नायटा!

मांजर म्हणजे शेजारच्या हसीना खालांचा नवाब. रोज संध्याकाळी माझ्याच मांडीवर लोळतो की!

गेलो तडक. "खाला, नवाबला नायटा झालाय. त्याचाच मला लागला."

"क्या बोलता रे सुरेश!" मुलं पुण्याला, खाला एकट्या, नवाब म्हणजे त्यांचा जीव. "रोज कंगवा करते मी त्याला. एक डाग न्हाय अंगावर!"

"वरून दिसत नाही हो. थोडे दिवस बार्शीला तुमच्या बहिणीकडं ठेवा त्याला."

खालांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मलाही कसंतरी झालं. म्हटलं, चला, आधी जनावरांच्या डॉक्टरला तरी दाखवू.

डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार केला, नायटा असला तर चमकावा म्हणून नवाबवर निळा दिवा फिरवला, केस न केस तपासला. माझं तोंड चालूच. "मॅडम, ते पोपटाचं खरंय का हो? आणि शेळीचं?"

"खरंय. पण हे मांजर ठणठणीत आहे. तुमची मान बघू."

दाखवली. बाई दोन पावलं मागं सरकल्या.

"टॉवेल कुणाचा वापरता?"

"तालमीत... हाताला येईल तो."

"मग बहुतेक तिथलाच प्रसाद! खाला, हा आजार माणसाकडून मांजरालाही होतो बरं का. हे बरे होईपर्यंत नवाबला यांच्यापासून जपा."

खालांनी नवाबला असं पदराआड घेतलं, जसा काही मी त्याला चावणार होतो!

परतीच्या रिक्षात खाला आणि नवाब ऐसपैस मागं. मला पुढं बसवलं, ड्रायव्हरला खेटून.

ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, "काय झालंय ओ मांजराला?"

"मांजराला काय न्हाय झालं," खाला म्हणाल्या. "आजारी हाय तो तुमच्या बाजूला बसलाय."

तिथून घरापर्यंत त्या माणसानं अर्धं अंग बाहेर काढूनच रिक्षा चालवली!