स्वच्छ रक्ताची काच

तिला सगळे मोजणीताई म्हणायचे. नवराही चिडवायला तेच म्हणे. उभं आयुष्य सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेलं बाईचं. मान कायमची आखडली, पण एखादं गुणसूत्र नजरेतून सुटेल तर शपथ!

काम काय, तर ज्यांच्या अंगावर क्ष-किरणांसारखे घातक किरण पडले त्यांच्या रक्तात डोकवायचं. किती पडले ते छातीवरच्या बिल्ल्यावरून कळायला हवं, पण बिल्ला खुंटीला अडकवून कामाला जाणारे महाभाग काही कमी नाहीत. मग रक्त काढायचं, पेशी दोन दिवस वाढवायच्या, ऐन विभाजनात थांबवायच्या आणि काचेवर पसरून रंगवायच्या. धड गुणसूत्राला कंबर, म्हणजे मधली चिमटलेली जागा, एकच. किरणांनी तुटून भलतीकडे जुळलेल्याला दोन. हजार पेशींत असं एखादं कुणाच्याही रक्तात निघतं. जास्त निघाली की समजायचं, गडी चांगलाच भाजलाय.

"मला देवानं एकच कंबर दिली, तीही दुखते," ताई म्हणायची. "यांची मजा आहे बाई, दोन-दोन!"

एकदा कुठल्याशा कारखान्यात अपघात झाला आणि तिथल्या कामगारांचं रक्त तपासायला आलं. अशा वेळी ताडून बघायला सोबत एक स्वच्छ रक्त लागतं, किरणांशी कधीच संबंध न आलेल्या माणसाचं. नेहमी ते प्रयोगशाळेचा शिपाई द्यायचा. तो नेमका तापानं फणफणलेला.

"त्यात काय एवढं! आमचे हे आहेत की," ताई म्हणाली. "पाइपांच्या कारखान्यात गोदाम सांभाळतात. पाइपांच्या जोडांत भेग नाही ना हे बघायला फोटो काढायचं किरणांचं यंत्र आहे तिथं, पण यांचा त्याच्याशी काय संबंध? हे आपले कुलपं लावत बसतात."

"नक्की ना?" प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरमॅडमनी विचारलं.

"अहो मॅडम, नवरा आहे तो माझा!"

नवरा म्हणजे सुई दिसली की पांढराफटक पडणारा माणूस, पण त्या दिवशी निमूट बाही वर करून बसला. तिला कौतुकच वाटलं.

काचांवर नावं नसतात, नुसते आकडे. मोजणाऱ्याला माणूस कळू नये ही तिथली रीत. एका काचेवर ताई थबकली. दोन कंबरांचं एक. जरा सरकवली, तर आणखी एक. मग पुन्हा.

"अरे देवा, या बिचाऱ्याला लवकर बोलावून घ्या, मॅडम," ती म्हणाली. "सगळ्यांत वाईट हाच."

मॅडमनी आकड्यांमागची नावं उघडून पाहिली आणि यादी ताईसमोर धरली.

"ताई, ही आपली स्वच्छ रक्ताची काच आहे."

"छे! अदलाबदल झाली असेल. कुणाचं म्हणून लक्ष नसतं कामात!" ती सगळ्यांवर उगाचच करवादली. उरलेल्या पेशींच्या नव्या काचा तिनं स्वतः केल्या. मॅडमनी त्या दुसऱ्या मोजणारीकडून मोजून घेतल्या. तेच निघालं.

घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. नवऱ्यानं पुढे केलेला चहा तिनं घेतला नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

कशाबद्दल, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. "फोटोवाल्याचा मदतनीस सोडून गेला तेव्हापासून. साहेब म्हणाले, जरा फिल्म धरत जा. गोदामवाल्याला बिल्ला नसतो, म्हणजे कुठे नोंदही होत नाही. मला नाही म्हणता आलं नाही गं."

"आणि मला सांगता आलं नाही? जन्म गेला माझा यात! अहो, माझ्याच घरात..." राग होता, त्याहून भीती जास्त होती. "मग रक्त द्यायला तरी कशाला आलात?"

"त्या अपघाताचं तू सांगितलंस आणि माझी झोपच उडाली," तो हळूच म्हणाला. "तुला सांगायला तोंड उघडेना. म्हटलं, मोजणार तर तूच आहेस. तुला आपोआप कळेल."

लोकांना ती नेहमी समजावायची, आजार होईलच असं नाही, शक्यता वाढते एवढंच. तेच वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

"किती निघाली गं?" त्यानं विचारलं.

आकडा तिला तोंडपाठ होता.

"अजून मोजली नाहीत," मोजणीताई म्हणाली, आणि गार झालेला चहा पिऊ लागली.