‘सापडलं नाही’ असं मी कळवलं

माझ्या वहिनींचं पाळणाघर बंद पडलं, त्यात माझा हात होता. ते बंद पाडणारा नियम अमेरिकेतल्या एका शहराच्या सरकारने केला हे खरं आहे, आणि बरेच महिने मी या एका वाक्याच्या आड लपून राहिलो. पण त्या नियमातून सुटायला एक वाट होती. त्या वाटेसाठी लागणारा कागद लंडनमधल्या हॅरोत, माझ्या घराच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर होता. तो मला सापडला, आणि सापडलं नाही असं मी कळवलं.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. लग्नानंतर लगेच तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. वहिनींनी घराच्या तळमजल्यावर पाळणाघर सुरू केलं त्याला अठरा वर्षं झाली होती. एका वेळी सहा मुलं. त्यांच्या आया हॉस्पिटलात साफसफाई करणाऱ्या, बस चालवणाऱ्या, सकाळी सहाला कामावर हजर होणाऱ्या. काळी, गोरी, मेक्सिकन अशी सगळी मुलं दुपारी मऊ वरणभात खाऊन ओळीने झोपायची. वहिनींना ती ‘आजी’ म्हणायची. एखादं मूल घरी जाऊन आईकडे ‘भात’ मागायचं आणि ती बिचारी दुसऱ्या दिवशी विचारायची, हे काय असतं?

मी उत्तर लंडनमधल्या एका कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत नोकरीला आहे. लोक परवानगी न घेता मागच्या बागेत खोल्या बांधतात, त्यांना नोटिसा पाठवणं हे माझं काम. वाईट काम नाही. त्या खोल्यांमध्ये मी ओल बघितली आहे, उघड्या वायरी बघितल्या आहेत, एकाच खोलीत सहा-सहा माणसं बघितली आहेत. नियम माणसांच्या भल्यासाठी असतात असं मी मनापासून मानत आलो.

दर रविवारी दुपारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. तिकडे तेव्हा सकाळ असते, दादा चहा घेत असतो. नवा नियम आला त्या रविवारी त्याने नमस्कार-चमत्कारसुद्धा केले नाहीत.

“ऐक. लहान मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईकडे आता बालशिक्षणाची कॉलेजची डिग्री पाहिजे. तुझ्या वहिनीने अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉलेजात जायचं. कशासाठी? तर डायपर बदलायला!”

“दादा, पहिल्या पाच वर्षांत मुलांच्या मेंदूची वाढ होत असते. शिकलेली माणसं असावीत असं म्हटलं तर त्यात चूक काय?”

“झालं! बोलले कौन्सिलसाहेब.”

“चेष्टा नको. उद्या कुठल्या पाळणाघरात मूल दगावलं तर तूच म्हणशील, सरकार झोपलं होतं का?”

“आमच्याकडे दगावलं का? अठरा वर्षांत? आला का कोणी बघायला? आमचे हे लिबरल पुढारी, अंगणात पाट्या लावतात, सगळ्यांचं स्वागत आहे म्हणून. आणि जिच्या घरात खरंच सगळ्यांची पोरं येतात तिला दार लावायला सांगतात. त्यांच्या स्वतःच्या घरी पोरं सांभाळायला बाई आहे ना, तिची डिग्री विचार एकदा.”

पुढचे कित्येक रविवार हेच चाललं. दादाचं म्हणणं साधं होतं. सरकारने रस्ते करावेत, चोर पकडावेत, माझ्या स्वयंपाकघरात येऊ नये. गरिबांच्या नावाने केलेला नियम शेवटी गरिबांवरच पडतो. डिग्रीवाली पाळणाघरं आठला उघडतात, मग सहाला कामावर जाणाऱ्या आयांनी काय करायचं? “पोरं शेजारणीच्या टीव्हीसमोर जाऊन बसणार,” तो म्हणायचा, “आणि कागदावर सगळी सुरक्षित.” मी त्याला म्हणायचो, तू ते सरकारला शिव्या घालणारे रेडिओवाले ऐकणं बंद कर. त्याच्या मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा हे सोपं होतं. ज्या बाजूची माणसं मला आवडत नाहीत त्यांचे शब्द त्याच्या तोंडी आले, की मला पुढचं ऐकूच येत नसे.

एकदा तो चिडून म्हणाला, “तुम्हा लोकांनी आयुष्यात रडणारं पोर उचललेलं नसतं, आणि जे उचलतात त्यांना नोटिसा पाठवता.”

ते लागलं, कारण ते खरं होतं. आमची मुलगी झाली तेव्हा, पाळणाघर सुरू व्हायच्या आधी, वहिनी तीन महिने इथे येऊन राहिल्या होत्या. रडणारं पोर त्यांनीच उचललं होतं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, मला वहिनींचा फोन आला. वहिनी स्वतःहून फोन कधी करत नाहीत. मी ऑफिसात होतो, सँडविच खात होतो.

“भाऊजी, कामात नाही ना?”

“नाही, बोला ना वहिनी.”

“लग्नाआधी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला होता मी. ते सर्टिफिकेट आणि ज्या बालवाडीत शिकवायचे तिथल्या बाईंचं पत्र मी सासूबाईंकडे ठेवायला दिलं होतं. त्यांची कागदांची पिशवी तुमच्याकडे आहे ना? जुनं प्रशिक्षण असेल तर नियमातून सूट मिळते म्हणे. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.”

“आहे पिशवी. बघतो आजच.”

“अजून एक. त्यावर माझं जुनं नाव आहे. इथल्या वकीलबाई म्हणतात, ती मीच, असं सासरच्या कोणीतरी लिहून द्यायला लागेल. नवऱ्याचं चालत नाही. तुम्ही द्याल?”

“देतो की. त्यात काय!”

आमच्या घराण्यात लग्नात मुलीचं आडनावच काय, पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. वहिनींचं नवं नाव मी सुचवलं होतं. सोळा वर्षांचा होतो, मला ते नाव आवडायचं, आणि आईने ते उचलून धरलं. वहिनींना कोणी विचारलं होतं का, मला आठवत नाही. त्या दिवसानंतर त्यांचं आधीचं नाव आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही.

आई गेल्यावर पुण्याचा फ्लॅट मीच आवरला होता. तिची कागदांची पिशवी तशीच बॅगेत घालून आणली आणि लॉफ्टमध्ये टाकली. संध्याकाळी शिडी लावून वर गेलो. दहा मिनिटं लागली असतील. वीजबिलं आणि जुन्या रेशनकार्डांच्या खाली एक प्लास्टिकचं फोल्डर होतं. त्यात सर्टिफिकेट. दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो, त्यावर अर्धा शिक्का. मागे रेघांच्या कागदावर बालवाडीच्या बाईंनी हाताने लिहिलेलं पत्र: ‘मुलांना यांचा फार लळा होता. आम्हाला यांची उणीव भासेल.’

मी ते कागद दीर म्हणून वाचायला हवे होते. मी ते कौन्सिलचा माणूस म्हणून वाचले. नाव पूर्ण वेगळं. जन्मतारीख नाही. कोर्स एका वर्षाचा. पत्राला लेटरहेड नाही. असे कागद माझ्या टेबलावर आले असते तर मी ते परत पाठवले असते. मनात म्हटलं, तिकडचा अधिकारी हे बघून हसेल. वहिनींचा उगाच अपमान. इतकी वर्षं राबल्या, आता बसू देत जरा. त्यांच्या भल्याचं काय ते मी असं लॉफ्टमधल्या बल्बखाली बसून ठरवलं.

आणि अजून एक होतं, ते लिहायला हात अडखळतो. दादाने एकदा तरी हरावं असं मला वाटत होतं.

खाली येऊन मेसेज केला: ‘वहिनी, सगळी पिशवी पाहिली. सापडलं नाही. सॉरी.’

लगेच उत्तर आलं: ‘असू दे भाऊजी. उगाच त्रास दिला तुम्हाला.’ आणि जोडलेले दोन हात.

महिना संपला. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी दादा म्हणाला, “गावाच्या त्या टोकाला एक आंध्रची बाई आहे, तीही पाळणाघर चालवते. दहा महिन्यांचा कोर्स, कागद अख्खा तेलुगूत. तिच्या नणंदेने लिहून दिलं, झाली सूट मंजूर. ऑफिसातली बाई चांगली होती म्हणे. म्हणाली, मला फाइलला लावायला फक्त एक कागद द्या.”

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला आणि म्हणालो, “इथे आवाज नीट येत नाहीये,” आणि कॉल बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसला मी ईमेल लिहिली. कागद उशिरा सापडला, चूक माझी, अर्जदाराची नाही, असं लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. आपली अडचण आम्ही समजू शकतो, तथापि मुदत संपल्यानंतर आलेल्या कागदपत्रांचा विचार करता येत नाही. ते पत्र मला जवळजवळ पाठ होतं, कारण तसंच पत्र मी स्वतः आठवड्यातून दोन-तीनदा पाठवतो. फोन केला तर यंत्राने पिनकोड मागितला, आणि हॅरोचा पिनकोड त्याला समजेना. मग वहिनींच्या वॉर्डातून निवडून आलेल्या बाईंना लिहिलं, ज्यांनी तो नियम मांडला होता. त्यांच्या ऑफिसने शहरातल्या बालकांविषयी आस्था दाखवल्याबद्दल माझे आभार मानले. तेव्हापासून दर शुक्रवारी त्यांचं न्यूजलेटर मला येतं. त्यात हसणाऱ्या मुलांचे फोटो असतात.

त्या दिवसांत मला दादाचं म्हणणं पहिल्यांदा कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा अंगावर आलं. कोणीच वाईट नव्हतं, सगळे सभ्य भाषेत बोलत होते, आणि दार कुठेच नव्हतं.

पाळणाघर बंद झालं. शेवटच्या दिवशी वहिनींनी फोन फिरवून खोली दाखवली. सहा छोट्या गाद्या एकावर एक रचून ठेवलेल्या. हॉस्पिटलातल्या बाईने आपलं मूल शेजारणीकडे ठेवायला सुरुवात केली. शेजारीण टीव्ही लावून देते, असं तिने वहिनींना सांगितलं. दादाने म्हटलेलं एकेक खरं होत गेलं. आणि ‘तुझं बरोबर होतं’ एवढंही मला म्हणता येईना, कारण ते म्हटलं की पुढचं वाक्यही म्हणावं लागलं असतं.

वहिनी रविवारी कॉलवर येईनाशा झाल्या. दादा म्हणायचा, “झोपली आहे.” सकाळी दहा वाजता. अठरा वर्षं पाचला उठणारी बाई.

शेवटी बायकोला सांगितलं. आम्ही स्टेशनवरून चालत घरी येत होतो. ती मधेच थांबली.

“म्हणजे तू त्यांना नोटीसच पाठवलीस.”

“तसं नाही गं...”

“कसं मग? तूच ठरवलंस, तूच नकार दिलास, आणि अपीलसुद्धा ठेवलं नाहीस.”

“आता सांगून काय उपयोग आहे?”

“उपयोग असेल तरच सांगणार का तू?”

तरी मी सांगितलं नाही. दर रविवारी ठरवायचो, आणि दादाचा चेहरा स्क्रीनवर आला की हवेविषयी बोलायचो. तो आता राजकारणावरही फारसा बोलत नसे. पूर्वी मला त्याच्या त्या भाषणांचा वैताग यायचा. आता तो पुन्हा चिडेल तर बरं, असं वाटायला लागलं.

या उन्हाळ्यात ते दोघं तीन आठवड्यांसाठी इथे आले. इतक्या वर्षांत वहिनींना पहिल्यांदाच एवढी सुट्टी मिळाली होती, असं दादा सगळ्यांना सांगत होता, आणि प्रत्येक वेळी वहिनी कुठेतरी दुसरीकडे बघायच्या. पहिला आठवडा गेला. आम्ही त्यांना समुद्रावर नेलं, ग्लासगोला मित्राकडे नेलं. दुसरा आठवडाही गेला.

ते निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी, दादा पुढच्या खोलीत अमेरिकेच्या बातम्या बघत होता आणि बातमीदाराशी भांडत होता. वहिनी स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत होत्या. मी वर जाऊन फोल्डर आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी हात पुसले. सर्टिफिकेट बाहेर काढलं. फोटोकडे बघितलं, मग आपलं जुनं नाव हळूच, स्वतःशीच वाचलं. मी ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “कुठे मिळालं हो? कधी सापडलं?”

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. तो मला बघवेना. आत्ता सापडलं असं म्हणणं अजूनही शक्य होतं, आणि ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं.

“त्याच बुधवारी,” मी म्हणालो. “तुम्ही फोन केलात त्याच संध्याकाळी. दहा मिनिटांत.”

त्यांनी सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. पुढच्या खोलीतला आवाज थांबला होता. दादा दारात येऊन उभा होता.

“मग?” वहिनी म्हणाल्या. “मग सापडलं नाही असं का म्हणालात?”

“मला वाटलं, हे चालणार नाही. तुम्हाला न विचारता मीच ठरवलं. आणि दादाशी माझं भांडण होतं, ते तुमच्यावर काढलं. दादा, तू त्या नियमाबद्दल जे म्हणत होतास ते बरोबर होतं, आणि मला तुझं ऐकायचं नव्हतं. वहिनी, तुमचं पाळणाघर वाचलं असतं. ते माझ्यामुळे गेलं. मी नंतर पत्रं लिहिली, पण ते आता मला परत आणता येत नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि वर इतके महिने गप्प बसलो. माझी चूक झाली, वहिनी. मला माफ करा.”