घारग्यांच्या तेलातला इतिहास

साथीच्या त्या वर्षी, ऐन पितृपक्षात, आमची सगळ्यात मोठी कढई अंगणात पालथी पडली होती आणि तिच्यावर गल्लीतलं मांजर झोपत होतं. आमची परिस्थिती समजायला एवढं पुरे.

बाबा आचारी. बनारसच्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्ल्यांत महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू उतरतात, गुरुजी त्यांची श्राद्धं करवतात, आणि श्राद्धाचा स्वयंपाक बाबांचा. पितृपक्षाचे पंधरा दिवस बाबा आम्हाला फक्त जाता-येता दिसायचे. त्या वर्षी ते दिवसभर घरात दिसत होते. गाड्या बंद, यात्रेकरू नाहीत, वरून गंगेला पूर येऊन पायऱ्या चिखलात बुडालेल्या. गुरुजींनी आपलं कसंतरी भागवलं. ते फोनवर मंत्र सांगत आणि यजमान पुण्यात आपल्या स्वयंपाकघरात बसून पिंड ठेवत. मंत्र फोनवरून जातात. खीर जात नाही.

आणि मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षात अडकलेली. उन्हाळ्यातले पेपर लांबत लांबत दसऱ्यापलीकडे गेले होते. आमच्या घरात आठवीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबांना सहीपुरतं लिहिता येतं, आई तिसरीपर्यंत शिकली. तरी बाबांनी तीन वर्षं घाटावर प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, ‘मुलगी बी. ए. होतेय.’ आता घरात चूल पेटायची पंचाईत झाली तेव्हा नातेवाइकांनी सुचवलं की पोरीला साडीच्या दुकानात बसवा, घराला हातभार लागेल. बाबा म्हणाले, “परीक्षा होऊ दे. पास झाली तर पुढचं पुढे बघू. नाही झाली, तर बसेल दुकानात.” माझ्याकडे न बघता म्हणाले, म्हणजे ठरवून म्हणाले.

मग बाबा शिंगाडे विकायला लागले. आमच्याकडे पाऊस सरला की तळ्यांमधून शिंगाडे येतात, आधी हिरवे, मग उकडलेले काळे. बाबांच्या ओळखीचा एक तळेवाला होता. सकाळी बाबा त्याच्याकडून टोपली आणत, आई उकडून देई आणि बाबा गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसत. पण दोनशे पानांची पंगत उठवलेल्या माणसाला ‘शिंगाडे घ्या’ म्हणून ओरडायची लाज वाटे. ते टोपलीमागे गप्प बसत, जणू टोपली दुसऱ्याची आहे.

“अहो, असं मुक्यानं विकलंत तर माशाच येतील,” आई म्हणाली.

“मी आचारी आहे. ओरडणं माझं काम नाही.”

“पंगतीत ‘वाढा, वाढा’ म्हणून कोण ओरडायचं?”

दुसऱ्या दिवशी एक ओळखीचा नाववाला टोपलीसमोर थांबला. “का हो महाराज, ई का बेचत हउआ?” इथे आचाऱ्याला महाराज म्हणतात, आणि महाराज हे काय विकतायत, असं तो विचारत होता. बाबांनी खाली मान घातली. तो बसला, एक शिंगाडा सोलून खाल्ला, मग पावभर घेतले आणि जाताना स्वतःच गल्लीभर ओरडत गेला की महाराजांचा शिंगाडा ‘मीठ हौ’, म्हणजे गोड आहे. बाबांची जाहिरात बाबांशिवाय झाली.

जे विकलं जाई ते विकलं जाई. उरलेलं आम्ही खायचो. शिंगाडे उकडून, शिंगाडे भाजून, शिंगाड्याची भाजी, वाळवून दळलेल्या पिठाचा शिरा, त्याच पिठाची कढी. एकदा आईने शिंगाड्याची आमटी केली. त्याविषयी मी अधिक लिहीत नाही, कारण आई हे वाचणार आहे. पण उकडलेला गरम शिंगाडा दातांनी फोडून, वर थोडं मीठ आणि हिरवी मिरची, मांडीवर पुस्तक आणि दुपारचं ऊन पायांवर, असं बसलं की जग बुडतंय हे तासभर तरी माझ्या लक्षात राहत नसे. माझी बोटं मात्र सालींनी काळी व्हायची आणि पुस्तकाच्या प्रत्येक पानावर अंगठा उमटायचा.

पुस्तकं वरच्या काकांची. काका आमच्या माथ्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. रेल्वेत कारकून होते, नागपूरकडून बदली होऊन आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. काकू गेल्यापासून एकटे. गुडघ्यांनी आधीच जिना बंद केला होता, साथीने उरलासुरला दरवाजाही बंद केला. त्यांच्याकडे तीन लोखंडी ट्रंका भरून मराठी कादंबऱ्या, प्रवासवर्णनं आणि जुने दिवाळी अंक. आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावरची माणसं दोरीला टोपली बांधून खाली सोडतात आणि भाजीवाल्याकडून भाजी ओढून घेतात. काकांची टोपली भाजीसाठी यायची. एके दिवशी ती आली तेव्हा आईने तिच्यात लाल भोपळ्याचे चार घारगे ठेवले. भोपळा कोणीतरी दिला होता, आणि पितरांच्या पंधरवड्यात घरात गोड तळलेलं काहीच व्हायला नको हे आईला पटत नव्हतं.

टोपली वर गेली. पाच मिनिटांनी खाली आली ती एक कादंबरी घेऊन.

“वहिनी,” वरून आवाज आला, “असे घारगे आमची ही गेल्यापासून खाल्ले नव्हते. ते पुस्तक त्या विद्वान पोरीला द्या.”

तेव्हापासून हा रिवाजच पडला. घारगे वर, पुस्तक खाली. आळवाची वडी वर, प्रवासवर्णन खाली. पुस्तक परत जाई तेव्हा काका माझे काळे अंगठे मोजायचे. “एकशे बाराव्या पानावर नाहीये गं तुझा अंगठा. ते पान सोडलंस का?” मी खरंच सोडलेलं असायचं. नदीवरच्या सूर्योदयाचं दोन पानी वर्णन होतं. नदी आणि सूर्य मला रोज फुकट दिसतात.

त्याच दिवसांत काका जरा विचित्र बोलायला लागले. एकदा मी खाली नळावर हंडा भरत होते तर वरून म्हणाले, “काय गं, त्या दुष्काळाचं पुढे काय झालं?” मी म्हटलं, “कुठला दुष्काळ?” ते म्हणाले, “बरं, राहू दे.” आणखी एकदा, “ती फौज नदी ओलांडून गेली की परत फिरली?” मी आईला सांगितलं, काका एकटेपणाने थोडे भरकटलेत बहुतेक. आईने त्या दिवशी दोन घारगे जास्त ठेवले.

नवरात्र आलं. आता इथे आमच्या घरची चूक सांगायला हवी. ती चूक कोणाची हे आजपर्यंत ठरलेलं नाही.

सप्तमीला आमच्याकडे सरस्वती बसवतात. आई पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढते. तिसरीपर्यंतचं तिचं सगळं शिक्षण त्या एकच्या आकड्यांत उतरतं, इतकी सुरेख काढते. पाटीजवळ वह्या-पुस्तकं ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याला सरस्वती उठवेपर्यंत ती उघडायची नाहीत. देवी तिथे बसलेली असते, तिच्या मांडीखालचं काढून कसं घेणार. दरवर्षी एक वही ठेवली जायची. त्या वर्षी माझ्या परीक्षेच्या काळजीने आईने सगळंच ठेवलं. मी सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर इतिहास, हिंदी, समाजशास्त्र, पक्क्या वह्या, गेस पेपर, झाडून सगळं पाटाभोवती रचलेलं, प्रत्येकावर कुंकवाचा टिळा आणि झेंडू. त्याच्या शेजारी बाबांचा मोठा झारा. आणि झाऱ्याशेजारी घरातला एकमेव मोबाइल.

“फोन का ठेवलास?” मी विचारलं.

“तुझे वर्ग त्यावरच झाले ना? मग तोही विद्येचाच.”

माझा इतिहासाचा पेपर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होता.

मी म्हटलं, फक्त इतिहास काढून घेते, बाकी देवीजवळ राहू दे. आईने बाबांकडे बघितलं. बाबा जेवढे कमी शिकलेले, तेवढे या बाबतीत कडक.

“बसवलेली देवी उठवायची नाही,” बाबा म्हणाले. “दोन दिवस विसावा घे. डोकं थंड होईल.”

“थंडच होईल बाबा. नापास होईन.”

“देवी करेल पास.”

“देवी पेपर तपासत नाही.”

यावर बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता आलं असतं. ते म्हणाले, “ज्यांना वाचता येतं त्यांनी पुस्तकाला पाय लावला तरी चालतं. आम्हाला येत नाही, म्हणून आम्हाला भीती वाटते. तुझ्यासाठीच वाटते.” मग उठून शिंगाड्यांची टोपली घेऊन निघून गेले.

आरतीच्या वेळी फोन वाजला. मैत्रिणीचा असणार, तिला रात्रीपासून एक तह सापडत नव्हता. आम्ही सगळे हात जोडून त्याच्याकडे बघत उभे राहिलो. तो वाजून वाजून थांबला.

अष्टमीला दुपारी मी पायरीवर बसून शिंगाडे सोलत होते, वाचायला काही नाही म्हणून बोटं नुसतीच काळी. काकांनी वरून विचारलं, “विद्वान, आज पुस्तक नको?” मी सगळं सांगितलं. गोष्टीचं पुस्तकही घेतलं नाही, कारण ज्याच्या डोक्यात पुढ्यातला पेपर आहे त्याला गोष्ट लागत नाही. काका आत गेले. मग टोपली खाली आली. तिच्यात दोरीने बांधलेला कागदांचा जाडजूड गठ्ठा होता.

मी सोडला आणि माझंच अक्षर मला दिसलं.

आई घारगे बांधायला कागद कुठून घेत होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या कच्च्या वह्यांमधून. भरलेली वही म्हणजे आईच्या हिशेबी संपलेली वही, आणि त्या वह्यांचा कागद जाड, तेल चांगलं शोषणारा. माझा सगळा इतिहास, दोन-दोन पानं करून, घारगे पोटात घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेला होता. आणि छापील असो की हाताचं, अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही असा माणूस वर बसला होता. काकांनी एकेक पान पुसून, गादीखाली सपाट करून, अनुक्रमाने लावून ठेवलं होतं. दुष्काळाचं पुढे काय झालं, ते पुढचा घारगा येईपर्यंत त्यांना कळायचं नाही. वर समासात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘कारणे चार म्हणतेस, दिलीस तीन.’

आई बाहेर आली. कागद बघून तिच्या तोंडाचा रंग उडाला. आधी वह्या फाडल्याबद्दल, मग दुसऱ्याच कारणाने. “पण हेही वहीचंच आहे. हेही वाचायचं नाही.”

“वहिनी,” काका वरून म्हणाले, “या कागदांत तुम्ही काय बांधलं होतं?”

“घारगे.”

“मी ते कागदावरच ठेवून खाल्ले. तेल लागलंय, माझा उष्टा हात लागलाय. असला कागद तुम्ही देवीपुढे ठेवाल?”

“शी, कसा ठेवणार?”

“मग हे पूजेत नाही. जे पूजेत नाही ते वाचायला मनाई कशी?”

आई कागद पुन्हा उलटून बघायला लागली. तेवढ्यात बाबा रिकामी टोपली घेऊन परत आले, आणि प्रकरण त्यांच्यापुढे गेलं. शास्त्र बाबांना येत नाही, पण खरकटं म्हणजे काय, हे अख्ख्या बालाजी घाटावर बाबांहून जास्त कोणाला कळत नाही. सोवळ्यातला स्वयंपाक हाच त्यांचा धंदा. त्यांनी एक कागद उचलला, नाकाशी नेला, उजेडात धरला. तेलाच्या डागातून पलीकडची गल्ली दिसत होती.

“खरकटं,” बाबांनी निकाल दिला. “देवीचा याच्याशी संबंध नाही. वाच.”

आईने एकच अट घातली. ते कागद स्वयंपाकघरात आणायचे नाहीत आणि वाचून उठले की हात धुवायचे. लोक वाचायच्या आधी हात धुतात. मी दोन दिवस वाचल्यानंतर धूत होते. पानापानाला भोपळा, गूळ आणि वेलदोड्याचा वास. अजूनही कुठल्या तहाचा मसुदा आठवायचा झाला तर मला आधी भूक लागते.

दोन-चार पानं मात्र नव्हती. ती आईने शिंगाडे बांधून गिऱ्हाइकांना दिली होती. पेपरात नेमका त्यातलाच एक प्रश्न आला. बनारसमध्ये कोणीतरी ते उत्तर रस्त्यावर टाकून घरी गेलं होतं. आणि काकांनी ज्यासाठी मला छळून आठवायला लावलं ते चौथं कारण आलंच नाही. ते मला आजही पाठ आहे, कोणी विचारत नाही.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी कोजागरी होती. बाबांनी पालथी कढई सुलटी केली, मांजराला हाकललं, घासली, आणि तीन-चार घरांचं दूध त्यात एकत्र आटवलं. दोनशे माणसांच्या कढईत ते तळाशी दिसत होतं. आईने गडवाभर दूध टोपलीत ठेवलं. त्याच्याबरोबर कागद नव्हता.

“आज वाचायला काही नाही?” काका म्हणाले.

“संपलं काका,” मी म्हटलं. “आता निकालच येईल.”

निकाल थंडीत आला. मी बी. ए. पास झाले, दुसऱ्या श्रेणीत. साडीच्या दुकानात गेले नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.