बाबांची मूळ संख्या आणि माझा एक सेकंद

सासऱ्यांच्या वर्षभराच्या मेहनतीवर मी एका सेकंदात पाणी ओतलं, आणि तेही मदत म्हणून.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा हेमंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं होतं की आता ते मंडईतून भाजी आणतील. बाबांनी आणली १२३४५६७८९१ ही संख्या! एक ते नऊ ओळीने आणि शेवटी पुन्हा एक. एक सोडून हिला दुसऱ्या कुठल्याच संख्येनं भाग जात नाही, म्हणजे ही मूळ संख्या आहे, असा त्यांना दाट संशय होता. खात्री करायची तर पस्तीस हजारांपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघायचं. मग रोज सकाळी चहानंतर सहा भागाकार, दोनशे पानी वहीत. (सातवा कधीच नाही. "सरकारी सवय," सासूबाई म्हणायच्या.)

वर्षभरात बाबा एकोणीस हजारांपर्यंत पोचले. तेवढ्यात मला आयटीत नोकरी लागली आणि घरात कॉम्प्युटर आला.

एका रविवारी सकाळी बाबांचे ऑफिसातले जुने मित्र शेखकाका आले होते. बाबा त्यांना कौतुकानं वही दाखवत होते. मला कुठलं राहवतंय! मी प्रोग्रॅम लिहिला, बटण दाबलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "बाबा, मूळबिळ काही नाही! हिला तीननं भाग जातो!"

शेखकाकांनी बोटांवर मोजलं. "सूनबाई, आकड्यांची बेरीज शेहेचाळीस होते. तीननं कसा जाईल?"

"चौथीत शिकवतात हे," बाबा म्हणाले. "हिच्या कंपनीत चौथी पासची अट नसावी."

झालं होतं असं, की प्रोग्रॅममध्ये मी संख्येला जागाच इतकी कमी दिली होती, की ती मावलीच नाही. मशीनच्या शून्य-एकच्या लिपीत तिचा पुढचा सगळा भाग सांडला आणि आपल्या आकड्यांत ७२३ एवढीच उरली; त्या ७२३ लाच मशीन बिचारं इमानेइतबारे भागत बसलं होतं!

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अब्रूचा प्रश्न! चूक दुरुस्त केली, पुन्हा बटण दाबलं आणि ओरडले, "बाबा, मूळच आहे! तुमचं बरोबर होतं! अगदी शेवटपर्यंत तपासलं, एका सेकंदात!"

शेखकाकांनी कप खाली ठेवला. बाबांनी वही मिटली.

"बरं झालं," ते म्हणाले. "सुटलो."

दुसऱ्या दिवशी चहानंतर बाबा नुसतेच खुर्चीत बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पिशवी घेऊन ते मंडईत निघाले, आणि ते बघून घरात कुणालाच बरं वाटलं नाही.

"सांगायची काय घाई होती तुला?" हेमंत चिडला.

"त्यांना उत्तरच हवं होतं ना?"

"त्यांना अजून नऊ महिने हवे होते."

आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी मी एक नवीकोरी, चांगली तेरा आकडी संख्या मनानं रचून कागदावर लिहिली आणि बाबांपुढे ठेवली. "ही मूळ आहे का बघता? मी कॉम्प्युटरला हात लावणार नाही. शपथ!"

बाबांनी चष्मा लावला. खिशातलं पेन काढून उघडलं. माझे डोळे भरून आले.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद हळूच माझ्या हातात परत दिला.

"अगं मेधा," ते म्हणाले, "हिच्या शेवटी पाच आहे."