फल्लीदाण्याची वडी

नातवंडांनो, परवा तुम्ही फोनवर मला ती काचेची बरणी दाखवलीत, चमचा आत बुडवून वर काढलात, आणि शेंगदाण्याचं ते तपकिरी, तुकतुकीत लोणी सावकाश ओघळताना मी पाहिलं. पडद्यातून वास येत नाही, तरी मला तो आला: खरपूस भाजलेल्या दाण्याचा, तेल सुटू लागल्यावरचा, किंचित कडवट. तुम्ही विचारलंत, आजी, तुझ्या लहानपणी हे होतं का? मी पटकन नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर जाणवलं की उत्तर चुकलं. या वयात चुकलेलं उत्तर दुरुस्त करायचं तर लगेच करावं, म्हणून लिहायला बसले.

होतं. अमरावतीला, आमच्या स्वयंपाकघरात, पौषातल्या थंडीत ते पाट्यावर तयार होत असे, आणि माझी आई त्याच्या वड्या करत असे. आम्ही तिला माय म्हणायचो. शेंगदाण्यांना वऱ्हाडात फल्लीदाणे म्हणतात. तिवशाजवळ मामाची थोडी जमीन होती. दिवाळीनंतर तिथून शेंगांचं पोतं यायचं, आणि काळ्या मातीचा सुगंध त्या टरफलांना कितीतरी दिवस बिलगून असायचा. संक्रांत जवळ आली की माय खापरात मंद आचेवर दाणे भाजायची, फडक्यात चोळून सालं काढायची आणि सुपानं पाखडायची. मग वाटण. तुम्हाला वाटेल, वाटणं म्हणजे वाटणं, त्यात काय! पण वरवंट्याखाली दाण्याचा आधी कूट होतो, मग तो कूट ओलसर होऊन पाट्याला चिकटू लागतो, हात भरून येतात, आता थांबावं असं वाटतं. तिथं जो थांबतो त्याला फक्त कूट मिळतो. माय थांबत नसे. मग अवचित त्या गोळ्याच्या अंगावर चकाकी येई, दाण्याच्या पोटातलं तेल वर येई, आणि पाट्यावर तुमच्या बरणीतलं ते लोणी उभं राही. पुढचं काम गुळाच्या पाकाचं. त्या वेळी आम्हा मुलींना चुलीजवळ येऊ दिलं जात नसे. उकळता गूळ अंगावर उडतो. त्यामुळे पाक कोणत्या क्षणी उतरवायचा हे मी कधी जवळून पाहिलंच नाही. वडी मात्र अशी होई की दातांना काही कामच उरत नसे.

तिळगुळाऐवजी आमच्याकडे याच वड्या वाटल्या जात. बाबा एका शाळेत मास्तर होते. संक्रांतीच्या सकाळी माय पितळेचा डबा काठोकाठ भरून त्यांच्या सायकलला अडकवी, आणि संध्याकाळी तो रिकामा परत येई. मग तिचा एकच प्रश्न असे: काय म्हणाले मास्तर लोक? बाबा मितभाषी, पण त्या दिवशी ते बोलत. गणिताच्या मास्तरांनी दोनदा घेतली, हेडमास्तरांनी घरी बांधून नेली. माय भांडी घासता घासता ऐके, आणि तिच्या पाठीवरूनही तिचं हसू कळे. शाळेची पायरी कधी न चढलेल्या त्या बाईला आपण शाळेत पोचलो असं वर्षातून एक दिवस वाटत असलं पाहिजे. माणसाला आयुष्यात असं किती लागतं?

छपन्न साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आमचं घर बौद्ध झालं. भिंतीवरचे देव उतरले, जुने सण थांबले. त्या निर्णयानं आमच्या पाठीचे कणे ताठ केले; मी इंग्रजी शिकले, उभी राहिले, ती त्याच बळावर. त्याबद्दल मला आजही तिळमात्र खंत नाही. पण संक्रांत गेली तेव्हा वडीही गेली. बाबा म्हणाले, आता ते नको. मायनं वाद घातला नाही. तिनं डबा घासून फळीवर पालथा घातला, आणि त्यानंतर मामाकडून येणाऱ्या शेंगा आमच्याकडे उकडून किंवा चटणीत खाल्ल्या जाऊ लागल्या. गोड गोष्ट आणि तिचा सण आपण इतके घट्ट का बांधून ठेवतो की एक सोडताना दुसरी हातातून निसटावी?

साठ साल ओलांडून काही वर्षं झाली आणि मला अकोल्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी, कडक उन्हाळ्यात, मायनं फळीवरून तो डबा काढला. सण नाही, काही नाही. पोरगी मास्तरीण झाली म्हणून मी करणार, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. ती मला म्हणाली, "तिथल्या मास्तरणीयले दे. तुया बाबाच्या शाळेत तं लोक तुटून पडत."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं. आपली लेक तोच डबा घेऊन तशाच एका खोलीत उभी राहणार, हे चित्र त्यांना सोसलं नसावं. ते म्हणाले, "शाळेत कोणी खाल्ल्या नव्हत्या."

पहिल्या वर्षी त्यांनी डबा उघडून पुढे केला होता. एकानं उपास सांगितला, एकानं दातदुखी, आणि बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आमच्या घरच्या हातचं त्यांना चालत नव्हतं. गोड बोला म्हणणारी ती माणसं. नंतर बाबांनी तो डबा तिथं उघडलाच नाही. मायला हे सांगणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून दरवर्षी ते मास्तरांचं कौतुक मनानंच रचून सांगत राहिले. आणि सण सुटला तेव्हा त्या खोट्यातूनही सुटले.

 मायनं विचारलं, "मंग डबा कोणी खाली केला?"

"स्टेशनावरच्या टांगेवाल्यायनं."

"आवडल्या त्याईले?"

बाबा म्हणाले, "दरसाली माही वाट पाहत."

"मंग त्याईच्यासाठी तरी करू द्याच्या होत्या," माय म्हणाली.

 बाबा न्यायी होते, अपमान विसरत नसत. पण ज्यांनी नाकारलं त्यांचा हिशेब ठेवता ठेवता ज्यांनी हात पुढे केला ते त्यांच्या नजरेतून सुटले होते. आणि मायच्या मनात त्या क्षणी काय कोसळलं असेल? इतक्या वर्षांचे ते मास्तर एका वाक्यात गेले, आणि ज्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती अशी माणसं त्यांच्या जागी येऊन बसली. दरसाल संक्रांतीला ती स्टेशनासमोर थांबली असतील. कधीपासून थांबायचं सोडलं असेल?

त्या दुपारी तिनं वड्या केल्या. दाणे पूर्वीसारखेच वाटले गेले, तेल सुटलं. पाक मात्र पुढे गेला, जास्त कडक झाला. इतक्या वर्षांत तिच्या हाताची सवय मोडली होती. सुरी चालेना, वड्या फोडाव्या लागल्या. तरी तिनं डबा भरला आणि बाबांच्या हाती दिला. ते सायकलवर बसून स्टेशनाकडे गेले. तिथं सायकलरिक्षा झाल्या होत्या. उरलेल्या दोन-तीन टांग्यांवर ओळखीचं कुणी नव्हतं, आणि अनोळखी माणसाला काय म्हणून देणार? ते परत आले. त्या दिवशी डबा भरलेला होता, आणि बाबांनी तो तसाच मायपुढे ठेवला.

तोच डबा मी अकोल्याला नेला. तिथं शाळेतल्या मैत्रिणींनी वड्या मुसळीनं फोडून खाल्ल्या. मायला हे मी कळवलं तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, की खरं सांगतेस ना?

त्यानंतर ती जवळजवळ दर हिवाळ्यात वड्या करत राहिली. पाक पुन्हा कधी जमला नाही. त्या कडक वडीची पद्धत मी उचलली, तुमच्या आईनं माझ्याकडून, आणि आपल्या घरात ती मुळातच अशी असते असं सगळे समजतात. मुळात ती अशी नव्हती. तेल सुटेपर्यंत दाणे वाटायचं मला येतं. मऊ वडी आता कुणालाच येत नाही. कडक वडी तेवढी आहे.